मे महिन्यातलं हिरवं गवत

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर उकिडवे बसून स्वतःच्या चपलांभोवती पांढरा ऑइलपेंट लावत होते. सकाळी फिरायला आलेले दोघं-तिघं थांबून बघत होते. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते, त्यामुळे हा माणूस आपल्याच ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर नकाशे काढत बसतो हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. ब्रश न थांबवता म्हणाले, "मॅडम, जरा तिकडून जा. ओलं आहे."

"नाना, हे काय करताय?"

"उभं राहायची जागा आखतोय. पुढच्या वेळी इथंच उभं राहायला पाहिजे. चार बोटं इकडेतिकडे झालं की फोटोला अर्थ राहत नाही."

मग चपला घालून ते बाजूला झाले. फरशीवर दोन पांढऱ्या चौकटी उरल्या, तळव्यांच्या आकाराच्या. पेंट वाळेपर्यंत त्यांनी मला माझं गाव विचारलं. मी धुळे म्हणाले. "म्हणजे पांझरेकाठच्या. मग सांगा, पुलाखालच्या मोठ्या खडकाला पाणी कोणत्या महिन्यात सोडतं?" त्या पुलावरून मी शाळेत आणि कॉलेजात मिळून पंधरा वर्षं गेले होते. मला सांगता आलं नाही. नानांनी मान हलवली. त्यांना राग आला नव्हता. डॉक्टरला पेशंटची जीभ बघून जेवढं कळतं, तेवढं त्यांना माझ्याबद्दल कळलं होतं.

सरकारी भाषेत ते अनुरेखक होते. इंजिनिअरांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायचे, हे त्यांचं काम. कॉम्प्युटर आल्यावर ते काम जवळजवळ संपलं, पण नाना आणि त्यांचं टेबल राहिलं. फोटो हा त्यांचा धंदा नव्हता. स्पर्धेला ते फोटो पाठवत नसत, कुणाला भेट देत नसत, मोबाइलवर टाकत नसत. खानदेशातल्या बारा जागा त्यांनी ठरवल्या होत्या आणि प्रत्येक जागेचा वर्षातून चारदा, एकच फोटो. त्यांतल्या काही म्हणजे मेहरूण तलाव, जळगावचा टॉवर चौक, धुळ्यातला पांझरेचा पूल, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली चिंचेची रांग, दोंडाईच्याला मिरची वाळत घालतात ते मैदान, चोपड्याकडची एक केळीची बाग आणि सातपुड्याच्या पायथ्याचा एक छोटा मातीचा तलाव, ज्याचं नाव मी इथे सांगणार नाही.

तारखा त्यांनी इंग्रजी महिन्यांवर ठेवल्या नव्हत्या. मेअखेरीस रोहिणी, ऑगस्टात मघा, ऑक्टोबरात स्वाती आणि जानेवारीत संक्रांत, अशा त्यांच्या चार फेऱ्या. सगळ्या किरकोळ रजा त्यातच जात. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ते सरळ लिहीत, 'स्वाती नक्षत्र लागल्यामुळे'. एकदा साहेबांनी बोलावून विचारलं, "नाना, घरगुती कारण लिहायला काय होतं?" नाना म्हणाले, "साहेब, खोटं लिहून काढलेल्या रजेत फोटो नीट येत नाही." साहेबांनी सही केली. आमचे साहेब चिडके होते, पण नानांशी वाद घालण्यात दुपार जाते हे त्यांनाही कळलं होतं.

त्यांच्याकडे एक चंदेरी डिजिटल कॅमेरा होता. बॅटरीचं झाकण सैल झालेलं, त्यावर रबरबँड. मी म्हटलं, माझ्या फोनचा कॅमेरा याच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. त्यांनी माझा फोन घेतला, खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाचा फोटो काढला आणि मला एकदा झाड, एकदा फोन असं दाखवलं. "हा फोन झाडाला न विचारता रंग लावतो. एवढं हिरवं आहे का ते? फोटो काढणाऱ्यानं गप्प बसलं पाहिजे, मॅडम. हा मधेमधे बोलतो."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आधी पलंगावरचे तीन खोके उतरवले आणि मग मला बसायला सांगितलं. केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके. प्रत्येक जागेचा एक खोका, आत स्टुडिओतून छापून आणलेले फोटो, आणि प्रत्येकाच्या मागे नानांच्या अनुरेखकी अक्षरात दोन ओळी. 'मघा. चिंचेला नवा पाला. रेल्वेची शिट्टी दूरची वाटली, हवा जड.' किंवा 'रोहिणी. टॉवर चौक, दुपारी एक. एकच माणूस, तोही सावलीच्या शोधात.'

"पोरीच्या हळदीला हे दोंडाईच्याला होते," अक्का चहा ढवळत म्हणाल्या. "संक्रांत होती ना. मिरची लाल झाली होती."

"संध्याकाळी आलो होतो," नाना म्हणाले.

"आले होते. लाल धूळ घेऊन. पाहुण्यांना शिंका लावल्या."

नाना खोक्यातून फोटो काढून जमिनीवर मांडत होते. एकाच मैदानाचे पंधरा फोटो, ओळीने. मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. एका कोपऱ्यातलं बाभळीचं झाड चौथ्या फोटोनंतर नव्हतं. मिरचीचे ढीग दरवर्षी थोडे पुढे सरकत होते, कारण मागे एक भिंत आली होती. नाना म्हणाले, "पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यावरून काही कळत नाही. जागा ओळखायची तर उन्हाळ्यात ओळखावी."

सातपुड्याखालच्या त्या तलावाची गोष्ट वेगळी होती. तिथे सांडव्याजवळ, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून निघून जातं तिथे, एका काळ्या दगडावर नानांनी आपले पांढरे पाय आखून ठेवले होते. त्या दगडावरून एका बाजूला पाणी, मधे मातीचा बांध आणि दुसऱ्या बाजूला बांधाचा उतार आणि खालच्या पाड्यावरची चाळीसेक घरं, असं सगळं एका फोटोत यायचं. दुसऱ्या वर्षी नाना गेले तर पायांवर हळदकुंकू आणि रुईची फुलं. नाना त्यावर उभे राहणार तेवढ्यात शेळ्या चारणारी एक म्हातारी ओरडली, "देवना पाय शेतस. चप्पल काढ पहिले."

हे पाय माझेच आहेत, असं नानांनी तिला सांगितलं. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चप्पल काढायला पुन्हा सांगितलं. तेव्हापासून नाना त्या दगडावर अनवाणी उभे राहत. मे महिन्यात त्या दगडावर भाकरी भाजली असती. परत आल्यावर आठ दिवस ऑफिसात ते टाचांवर चालत. त्या म्हातारीला पाड्यावर सगळे मावशी म्हणत, आम्हीही मग तेच म्हणायला लागलो.

आता मी माझ्यावर येते.

पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातल्या प्रत्येक तलावाची तपासणी करून अहवाल द्यायचा, हे माझं काम. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. त्या मे महिन्यात एका दिवसात पाच तलाव बघायचे होते, आणि सातपुड्याखालचा तो तलाव पाचवा होता. पारा पंचेचाळिसाच्या वर. डोकं दुखत होतं. जीप बांधावर नेली, सांडवा बघितला, पाणी किती आहे ते टिपून घेतलं. बांधाच्या पलीकडच्या उतारावरून पायथ्यापर्यंत चालत जायला हवं होतं. नियमही तोच आहे. मी जीपच्या सावलीत बसून पाण्याची बाटली संपवली, छापील तक्त्यात 'पायथा: कोरडा, स्थिती समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली.

आठवड्याने नाना माझ्या टेबलाशी आले. साधारणपणे ते कुणाच्या टेबलाशी जात नसत. त्यांनी दोन फोटो समोर ठेवले. दोन्ही त्याच दगडावरून, दोन्ही रोहिणीचे, एक मागच्या वर्षीचा आणि एक या वर्षीचा. जुन्या फोटोत बांधाचा उतार पूर्ण पिवळा होता, फक्त तळाशी, एका टोकाला, खाटेएवढा हिरवा ठिपका. नव्या फोटोत तो ठिपका अंगणाएवढा झाला होता आणि उतारावर गुडघाभर वर चढला होता.

नाना ऑफिसात शुद्ध बोलत. घाबरले की मात्र अहिराणीवर येत. "मॅडम, बठ्ठं वाळी गयं. आठेच गवत हिरवं कसं ऱ्हायनं?"

सगळं वाळलेलं असताना मातीच्या बांधाचा पायथा मे महिन्यात हिरवा असणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. तलावातलं पाणी बांधाच्या पोटातून वाट काढत होतं. तलाव अर्धा असताना एवढं, तर भरल्यावर काय होईल? आणि खाली चाळीस घरं.

पण माझी नजर दुसरीकडेच अडकली होती. नव्या फोटोत, वर बांधावर, एक पांढरी जीप होती. जीपच्या सावलीत कुणीतरी बसलेलं दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता, पण माझी निळी ओढणी दिसत होती.

"तुमची जीप जाईल म्हणून सांडव्यापलीकडच्या झाडाखाली थांबलो होतो," नाना सावकाश म्हणाले. "माझ्या फोटोत शक्यतो माणूस नसतो. पण वीस-पंचवीस मिनिटं झाली, जीप हलेना. सावली सरकायला लागली, मग घेतला."

नाना फोटो तिथेच ठेवून आपल्या टेबलाकडे गेले. मी खाली उतरले नव्हते, हे त्यांना माहीत होतं. ते माहीत असल्याचं मलाही कळलं होतं. पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला. मग दिवसभर ते दोन फोटो उलटसुलट बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. पायथ्याशी ओल्या जागीच येणारा लव्हाळा उगवला होता. मी हाताने माती उकरली. चार बोटांखाली चिखल. बोटांत धरून दाबला तर पाणी निथळलं, स्वच्छ होतं. तेवढाच दिलासा. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर बांध फक्त घाम गाळतोय. ते गढूळ झालं, म्हणजे आतली माती वाहायला लागली, की मग फार वेळ उरत नाही.

मी नवा अहवाल लिहिला. 'पुन्हा पाहणी केली असता पाझर आढळून आला.' पुन्हा. त्या एका शब्दाआड मी लपले. साहेबांनी कपाळाला हात लावला. दुरुस्ती पाऊस संपल्यावरच होणार होती, तोवर तलाव भरू द्यायचा नाही एवढाच उपाय होता. म्हणजे खालचं दार उघडून पाणी सोडायचं, आणि पावसाळाभर उघडंच ठेवायचं.

हे पाड्यावर सांगायला गेलो तेव्हा लोक चावडीपाशी जमले होते. ते तलावाच्याच पाण्यावर ढोरं पाळत आणि थोडा हरभरा पिकवत. माझं बोलून झाल्यावर शेळ्यावाल्या मावशी म्हणाल्या, "पानी सोडी दिधं तं ढोरे काय पितीन?"

नानांनी पिशवीतून फोटो काढले आणि चावडीसमोरच्या ओट्यावर मांडले. सात वर्षांच्या सात रोहिणी. माणसं वाकून आपापली घरं शोधायला लागली. कुणाचं कौल बदललेलं, कुणाचा आंबा वाढलेला, त्यावर हसणं झालं. मग मावशींचं बोट बांधाच्या पायथ्याशी येऊन थांबलं. पाच फोटो पिवळे, सहाव्यात ठिपका, सातव्यात मोठा.

"आमन्या शेळ्या दोन वरीसपाईन तठेच चरतस," त्या म्हणाल्या. "उन्हाळामा हिरवा चारा. आम्हले वाटनं देवनी दया शे."

मावशींनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला, ठेवला, आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, जा, दाराची किल्ली घेऊन ये. दार इतकं गंजलं होतं की आठ माणसांनी पहार लावून ते फिरवलं.

जून-जुलैत काही झालं नाही. दार उघडं होतं, पाणी अर्ध्यावर राहिलं. ऑगस्टात, मघा लागल्या त्याच आठवड्यात, सातपुड्यात तीन दिवस सलग पाऊस झाला. दारातून जाईना इतकं पाणी वरून यायला लागलं. चौथ्या दिवशी पहाटे पाड्यावरून फोन आला, पाणी पाऊण झालंय. मी निघाले तेव्हा ऑफिसच्या फाटकापाशी नाना छत्री घेऊन उभे होते. त्यांची रजा मंजूर होती. त्यांना तसंही तिथेच जायचं होतं.

आम्ही पोचेपर्यंत मावशींनी बायकापोरांना आणि शेळ्यांना टेकडीवरच्या आश्रमशाळेत हलवलं होतं. पायथ्याशी मनगटाएवढी धार वाहत होती. नानांनी पाण्याची रिकामी बाटली घेतली, तिचं वेष्टण सोलून काढलं आणि धारेखाली धरली. पाणी चहाच्या रंगाचं आलं.

काय करायचं ते पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात कधी केलं नव्हतं. धार बंद करायची नाही, बंद केली तर ती दुसरीकडून फुटते. तिच्यावर आधी वाळू, मग खडी, वर मोठे दगड असे थर द्यायचे, म्हणजे पाणी जातं आणि माती अडते. रस्त्याच्या कामाची खडी आणि वाळू वर पडलेली होती. पाड्यावरच्या तीस-पस्तीस माणसांनी ती घमेल्यांनी, पोत्यांनी, टोपल्यांनी खाली आणली. मी चिखलात गुडघ्यांवर बसून थर सांगत होते, वाळू इथं, अजून, खडी आता नको, थांबा.

नाना एका दगडावर बसले होते. दर तासाला बाटली नव्याने भरायची, समोरच्या दगडावर ठेवायची, मागे एक कागद लावायचा, फोटो काढायचा. कागद म्हणजे त्यांच्या रजेच्या अर्जाची प्रत होती. खिशात तेवढीच होती. दहा वाजता बाटलीतून कागद दिसतही नव्हता. अकराला तेच. बाराला पाऊस थांबला. एक वाजता कागदाच्या कडा दिसायला लागल्या. मी दर वेळी विचारायचे, "नाना, काय म्हणतंय?" ते सांगायचे, "अजून वाचता येत नाही, मॅडम."

चार वाजले असतील. तलावातलं पाणी वीतभर उतरलं होतं. नानांनी बाटली ठेवली, चष्मा पुसला, आणि तिच्यातून पलीकडचा कागद मोठ्याने वाचायला लागले. "महोदय, मघा नक्षत्र लागल्यामुळे दोन दिवसांची किरकोळ रजा मिळावी, ही नम्र विनंती." शेवटची सहीसुद्धा त्यांनी वाचली. मी तिथेच वाळूवर बसले. हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. चिखलाने भरलेल्या मावशी माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

बांध उभा राहिला. हिवाळ्यात दुरुस्तीचं काम निघालं, पायथा खोदून नीट बांधून घेतला. पुढच्या रोहिणीला नानांचा तिथून फोन आला. "पिवळं आहे, मॅडम. खालपासून वरपर्यंत सगळं पिवळं. फार सुंदर दिसतंय." त्यानंतरच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला आणि पाड्यावर हरभऱ्यासोबत गहूही झाला.

या सगळ्याचं श्रेय मला मिळालं. वरिष्ठांकडून पत्र आलं, 'दक्ष पाहणीमुळे संभाव्य हानी टळली.' साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. मी नानांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून. त्या जीपच्या फोटोबद्दल त्यांनी ऑफिसात कधी एक शब्द काढला नाही. मी ते पत्र घरी नेऊन कपाटात तळाशी ठेवलं. आईने विचारलं, फ्रेम करायची का, तर मी तिच्यावर उगाच ओरडले.

पत्र आल्यावर दोन वर्षांनी, जानेवारीत, नाना निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम ऑफिसच्या मागच्या अंगणात होता. अक्का नवी साडी नेसून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. भाषणं झाली. छंदिष्ट माणूस, निसर्गप्रेमी माणूस, असं सगळे बोलले. साहेब म्हणाले, आता मॅडम दोन शब्द बोलतील.

मी पाठ करून आलेलं बाजूला ठेवलं आणि झालं ते सांगितलं. त्या मे महिन्यात मी पायथ्याला गेले नव्हते. न बघता सही केली होती. नानांच्या फोटोत मी जीपच्या सावलीत बसलेली आहे आणि तो फोटो त्यांनी माझ्याशिवाय कुणाला दाखवला नाही. पत्रात लिहिलेली दक्षता त्यांची होती. आणि तो फोटो मला मिळाला नसता तर आज मी इथे उभी राहून काय बोलत असते, याचा मी अजूनही विचार करू शकत नाही.

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं, पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता काय होईल ते होवो.

साहेबांनी मान वर केली. "पायथ्याला आता जाता ना?"

"दर वेळी जाते, सर."

"मग झालं," ते म्हणाले.

नाना उठले. आता ते उत्तराचं भाषण करणार म्हणून माइक त्यांच्यापुढे धरला गेला. त्यांनी तो हाताने बाजूला केला. माझ्याकडे बघितलं, मग मागे चुलीपाशी वाढायच्या तयारीत उभ्या असलेल्या आचाऱ्याकडे.

"चला मॅडम," ते म्हणाले. "भरीत थंडं व्हई ऱ्हायनं."

त्या दिवशी मी तीन वेळा भरीत मागून घेतलं. अडीच वर्षांत मला इतकी भूक लागली नव्हती.